सीरिया : २०१३ आणि २०१७
ऑगस्ट २०१३ मध्ये दमास्कसजवळच्या घौटात विषारी वायूने शेकडो माणसं मेली. ओबामांनी हल्ल्याची तयारी केली, पण आधी काँग्रेसची, म्हणजे अमेरिकी संसदेची, मंजुरी मागितली. वॉशिंग्टन पोस्ट आणि एबीसी वाहिनीच्या पाहणीत रिपब्लिकनांपैकी जेमतेम २२ टक्के हल्ल्याच्या बाजूने होते. खुद्द ट्रम्प ट्विटरवर विरोध करत होते.

एप्रिल २०१७. सीरियातल्याच खान शेखूनमध्ये पुन्हा वायू, पुन्हा श्वासासाठी तडफडणारी लेकरं. ट्रम्प यांनी काँग्रेसला न विचारता सीरियाच्या ‘शायरात’ हवाई तळावर ५९ टॉमाहॉक क्षेपणास्त्रं डागली आणि त्याच रिपब्लिकन पक्षाचे ८६ टक्के लोक पाठीशी उभे राहिले! असद यांची राजवट तीच, गुन्हा तोच. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, दुसरं काय?

ओबामांच्या डेमोक्रॅट पक्षाचे मतदार हल्ल्याच्या पाठिंब्यात दोन्ही वेळा ३७-३८ टक्क्यांवरच राहिले, याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. मात्र २०११ मध्ये ओबामांनी लिबियावर मंजुरीविनाच बाँब टाकले, तेव्हा त्यांचे बरेच नेते गप्प बसले.

एक फरक मान्य: २०१३ चा प्रश्न होऊ घातलेल्या हल्ल्याबद्दल होता, २०१७ चा होऊन गेलेल्या. पण ६४ टक्क्यांची उडी तेवढ्यावर ढकलणं मला पटत नाही.