हरणीकडची सेव उसळ, की शेव उसळ? तरीला साडेचार, बाकड्याला पाच

आधीच सांगून टाकतो, दुकानाचं नाव लिहिणार नाही. रविवारी सकाळी आत्ताच बाकडं मिळायची मारामार असते, त्यात हे वाचून अजून पन्नास जण आले तर आम्ही तिघांनी जायचं कुठे. बडोद्याच्या विमानतळाकडे जाताना लागतं, वर पत्रा, बाहेर दोन लाकडी बाकडी आणि एक कायम हलणारं टेबल, बस, ज्याला शोधायचंय तो शोधेल.

आता मुद्द्याचं. उसळ समोर येते तेव्हा अगदी गरीब दिसते, पिवळट रस्सा, पांढरे वाटाणे, आजारी माणसाला दिल्यासारखी. पुण्याचा पाहुणा हमखास म्हणतो, ही काय मिसळ. अरे बाबा मिसळ नाहीच आहे ती, मटकी नाही, फरसाण नाही, हिचं खातंच वेगळं. शेजारी स्टीलच्या जगात लालभडक तरी येते, ती आपली आपण ओतायची, झेपेल तेवढी. मग कांदा, लसणाची चटणी, लिंबू, आणि सगळ्यात शेवटी शेव. वाटाणा बोटात धरला तर आख्खा असतो, जिभेवर दाबला की पीठ होतो, हे रोजच्या रोज जमवणं सोपं नाही, मी घरी तीनदा करून बघितलंय आणि तिन्ही वेळा एक तर गोळ्या नाहीतर लापशी. शेव मात्र दोन-तीन मिनिटांत मऊ पडते म्हणून अनुभवाचा सल्ला, वेगळ्या वाटीत मागून घ्या आणि घासागणिक टाका. पाव ताजा. छास पाणचट, सोडून द्या. दहानंतर जाल तर तरीत पाणी वाढलेलं असतं, अर्धा मार्क त्याचाच कापलाय.

पण खरं सांगू, आम्ही जातो ते बाकड्यासाठी. आम्ही म्हणजे मी, मास्तर आणि पायलट. मास्तर दांडिया बाजारातले, रिटायर्ड, मराठी शिकवायचे. पायलट कसला, आयुष्यभर बँकेत होता, पण डोक्यावरून काही गेलं की घास हातात तसाच ठेवून वर बघतो म्हणून पायलट. आणि माझ्याकडे वडिलांची १९६७ ची फियाट अकराशे डिलाइट आहे, स्टिअरिंगला गिअरचा दांडा असलेली, ती दुकानासमोर उभी असते आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण म्हणतो, अरे डुक्कर फियाट! नाही हो, डुक्कर फियाट ती आधीची, गोल पाठीची, किती वेळा सांगायचं.

मागच्या महिन्यातलं सांगतो. विमानाचा आवाज आला, पायलटनं डोळे मिटून जाहीर केलं, "एटीआर." म्हणजे पंख्यावर चालणारं प्रवासी विमान. मी म्हटलं बघ तरी. तर म्हणे बघायची गरज नाही, सहा पात्यांचा पंखा आहे, कानाला कळतं. पत्र्याच्या कडेतून विमान बाहेर आलं तर आडवी शेपटी खाली, बुडाशी. एटीआरची ती उभ्या शेपटीच्या टोकावर असते, इंग्रजी टी सारखी, एवढं तर मलाही त्यानंच शिकवलंय. आलं होतं ते हवाई दलाचं सी-२९५. मग काय, पाव बाजूला राहिला आणि वीस मिनिटं तो आम्हाला पटवत होता की कान चुकला नाही, दोन्हीला इंजिन पीडब्ल्यू-१२७ घराण्यातलंच आणि पंखाही त्याच जातीचा, त्यामुळे आवाज सारखाच येणार. म्हणजे तुझा कान बरोबर आणि विमान चुकलं, असं? तर म्हणे तसंच समज.

त्यात मास्तर शिरले, कारण पायलट म्हणाला, "काही का असेना, एअरबसच आलं ना?" (सी-२९५सुद्धा एअरबसचंच आहे, हवाई दलासाठी ५६ घेतली, १६ स्पेनहून तयार आली आणि ४० आपल्या बडोद्यात टाटांच्या कारखान्यात व्हायची, ऑक्टोबर २०२४ मध्ये कारखान्याचं उद्घाटन झालं तेव्हा पायलटनं आम्हाला जिलबी दिली होती.) मास्तरांनी चमचा खाली ठेवला. "आलं नाही, आली. बस ती, तर एअरबसही ती." पायलट म्हणतो विमान ते, म्हणून एअरबस ते. मास्तर म्हणतात मग बोइंग काय, त्यात तर बसही नाही. मी मधेच बोललो की कार ती कारण आपली गाडी ती, ट्रक तो, इंजिन ते, क्लच तो, हे ठरवलं कुणी, आणि दोघांनीही माझ्याकडे असं बघितलं की जणू मी तरीत साखर मागितली. मग मास्तरांनी नीट सांगितलं, आणि ते मला पटलं, की बाहेरून आलेल्या शब्दाला आपण बहुतेक वेळा त्याच अर्थाच्या आपल्या शब्दाचं लिंग देतो, चेअर ती कारण खुर्ची ती. पायलट टाळी वाजवून म्हणाला, मग संपलं की, अर्थ विमान, विमान ते! मास्तर क्षणभर गप्प. पहिल्यांदाच बघितलं असं. मग हळूच म्हणाले, "कंपनी या अर्थानं ती." पायलटनं तेवढं सोडून दिलं, मोठं मन त्याचं.

माझाही नंबर लागतो. मी एकदा गाडीला व्हिंटेज म्हणालो. पायलटला गाड्यांतलं ओ का ठो कळत नाही पण नियम वाचायची हौस फार. म्हणे व्हिंटेज म्हणजे १९१९ ते १९३०, तुझी क्लासिक. मी म्हटलं सरकारी नियम बघ, २०२१ पासून पन्नास वर्षांच्या वरची गाडी व्हिंटेज, वीस हजार भरले की नंबरप्लेटवर व्हीए ही अक्षरं मिळतात. तर म्हणे घे ना मग, पण पुढचंही वाच, तशी गाडी रोज रस्त्यावर काढता येत नाही, प्रदर्शन, रॅली, टेक्निकल रिसर्च, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती, एवढ्यासाठीच. "मग रविवारी उसळ खायला येणं कशात बसवणार?" मास्तर म्हणाले टेक्निकल रिसर्च. तेव्हापासून मी अर्ज केलेला नाही, आणि जानेवारी २०२३ ला लक्ष्मी विलास पॅलेसमध्ये ट्वेंटी वन गन सॅल्यूट या जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात खऱ्या महाराजी गाड्या आल्या तेव्हा मी आपला तिकीट काढून बघून आलो, फियाट पार्किंगमध्ये.

एक विषय तिथे काढू नका, मुंबईचे शिवकर बापूजी तळपदे. १८९५ ला त्यांनी गिरगाव चौपाटीवर विमान उडवलं म्हणे, आमचे सयाजीराव महाराज हजर होते वगैरे. गंमत अशी की वेलांटीला पुरावा मागणारे मास्तर इथे एकदम भक्त, आणि एरवी भावनेच्या भरात असणारा पायलट इथे कोरडा ठाक, १९७४ मध्ये बेंगळुरूच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सवाल्यांनी वैमानिक शास्त्र नावाच्या संस्कृत पोथीतली विमानं तपासली आणि ती उडणं शक्य नाही असं लिहिलं, एवढं बोलून पाव मोडत बसतो. हा विषय निघाला त्या दिवशी दोघं वेगवेगळ्या रिक्षांनी गेले. पुढच्या रविवारी मास्तर आधी येऊन त्याच्यासाठी जागा धरून बसले होते, म्हणजे झालं.

बडोदे की बडोदा यावर मी मात्र जिंकलोय. मास्तरांचं म्हणणं बडोदेच, १९०९ चं साहित्य संमेलन इथलंच आणि २०१८ चं ९१ वं पण, तेव्हा तर ते तिन्ही दिवस मांडवात. पण बडोदे धरा नाहीतर बडोदा, पुढे बडोद्याला, बडोद्यात, बडोद्याहून, सगळं सारखंच होतं, म्हणून मी त्यांच्यासमोर गावाचं नाव प्रत्यय लावल्याशिवाय घेतच नाही. बसा पकडत.

मालक गुजराती, साठीचे, भांडणात कधी पडत नाहीत. आवाज वाढला की तरीचा जग घेऊन येतात, तिघांच्या ताटलीत न विचारता ओततात आणि म्हणतात, "शांति राखो, पहेलां खाई लो." याला सर्व्हिस म्हणतात. एवढ्या वर्षांत उठा म्हणाले नाहीत, मागे लोक उभे असतानाही, आणि ते उभे लोकही आता एअरबसच्या लिंगावर मत देतात.

दिवाळीआधी त्यांनी बाहेरगावच्या गिऱ्हाइकांसाठी देवनागरीत पाटी रंगवायला घेतली आणि चूक केली, मास्तरांना विचारलं. मास्तरांनी पाटीवरच्या 'पाणी'ची वेलांटी आधी दीर्घ करून घेतली, १९६२ चे शुद्धलेखनाचे नियम, शेवटचा इकार दीर्घ, 'आणि', 'नि' हे दोन शब्द सोडून, पेंटरनं हे सगळं ब्रश हातात धरून ऐकलं. मग मास्तर म्हणाले मराठीत शेव, सेव नाही. मालक म्हणाले आमची तर सेव, दुकान माझं. पायलटला विचारलं तर तो वर बघत होता. पेंटर बिचारा दुपारपर्यंत थांबला आणि दोघांचंही मन राखून लिहून गेला, "शेव सेव उसळ".

आता नवीन लोक येतात, पाटी वाचतात आणि विचारतात हे डबल शेववालं आहे का. मालक हो म्हणतात, एक मूठ जास्त टाकतात आणि दहा रुपये जास्त घेतात. आमच्याकडून पण.