प्लॅनटॉवर पीएमएस ५००३ : बारीक कणांसाठी भरवशाचा, जाड धुळीसाठी नव्हे

घरातल्या किंवा गच्चीवरच्या हवेतले धूळ-धुराचे कण स्वतः मोजू पाहणाऱ्यांनी प्लॅनटॉवर कंपनीचा पीएमएस ५००३ हा सेन्सर जरूर घ्यावा, मात्र त्याच्या कोणत्या आकड्यावर किती विसंबायचे हे आधी समजून घ्यावे. ५० बाय ३८ मिलिमीटरच्या या डबीतला इवलासा पंखा हवा आत ओढतो, ती हवा लेसरच्या झोतातून जाते आणि कणांवर आदळून बाजूला विखुरलेला प्रकाश फोटोडायोड (प्रकाश टिपणारा सुटा भाग) टिपतो. पुरवठा ५ व्होल्टचा लागतो, पण माहितीच्या तारा ३.३ व्होल्टच्या असल्यामुळे ईएसपी ३२ या छोट्या, प्रोग्रॅम करता येणाऱ्या वायफाय चिपला तो थेट जोडता येतो. सेन्सरला झोपेतून (पंखा थांबलेल्या स्लीप अवस्थेतून) उठवल्यावर पहिल्या ३० सेकंदांचे आकडे सोडून द्यावेत.

देवघरात उदबत्ती लावली किंवा तेलात मोहरी तडतडली, की पीएम २.५ चा, म्हणजे २.५ मायक्रोमीटर (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे मायक्रोमीटर) व त्याहून लहान कणांच्या हवेतल्या प्रमाणाचा, आकडा झरझर चढतो आणि खिडक्या उघडल्या की उतरू लागतो. हवा केव्हा आणि कशामुळे बिघडते, हे इतक्या कमी पैशांत दाखवणारे साधन घरात असणे मला फार मोलाचे वाटते.

खरा प्रश्न कणांच्या आकाराचा आहे. सेन्सर ०.३ ते १० मायक्रोमीटरपर्यंत सहा गटांत कणांची संख्या देतो आणि ती पाहून प्रत्येक कण स्वतंत्रपणे मोजला जात असावा असा समज होतो. अभ्यासकांनी केलेल्या तपासण्यांत मात्र असे दिसले आहे की तो प्रामुख्याने बारीक कणांनी मिळून विखुरलेला प्रकाश मोजतो आणि जाड कण त्याच्या नजरेतून बरेचसे निसटतात. वजन व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे तितक्याच घनतेचा १० मायक्रोमीटरचा एक कण १ मायक्रोमीटरच्या हजार कणांइतका भरतो. त्यामुळे असे थोडे कण निसटले तरी पीएम १० चा, म्हणजे १० मायक्रोमीटरपर्यंतच्या सगळ्या कणांच्या एकूण वजनाचा, हिशेब कोलमडतो. बांधकामाच्या किंवा रस्त्याच्या धुळीची तक्रार करायची असेल, तर या सेन्सरचा पीएम १० पुरावा म्हणून पुढे करू नये. सेन्सिरिऑन कंपनीचा एसपीएस ३० हा अशाच प्रकारचा दुसरा सेन्सर अधिक टिकाऊ आहे आणि आपला पंखा ठरावीक काळाने स्वतःच साफ करतो, पण त्याचाही पीएम १० चा आकडा बारीक कणांवरून अंदाजलेलाच असतो, हे त्याच्या माहितीपत्रकातच दिले आहे.

दुसरी अडचण दमटपणाची. कण पाणी शोषून फुगतात, अधिक प्रकाश विखुरतात आणि आकडा वाजवीपेक्षा वर जातो. हवेची गुणवत्ता मोजणाऱ्या सरकारी केंद्रांवरील बीटा किरणांची यंत्रे (साठलेल्या कणांनी अडवलेल्या किरणांवरून वजन काढणारी) मात्र हवा तापवून, कोरडी करून मोजतात. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने याच सेन्सरवर चालणाऱ्या पर्पलएअर या तयार हवा-मापक उपकरणासाठी आर्द्रतेचा विचार करणारे दुरुस्तीचे सूत्र दिले आहे, पण ते तिथल्या हवेवर बेतलेले असल्यामुळे मुंबई-कोकणात जसेच्या तसे लावू नये. त्याऐवजी जवळच्या सरकारी केंद्राच्या नोंदींशी काही आठवडे ताडून पाहावे आणि ही पडताळणी हिवाळ्यात व पावसाळ्यात वेगवेगळी करावी.