ड्राफ्ट की स्टँडर्ड? शुक्रवारच्या टेबलावर बसण्याआधी

मॅजिक (द गॅदरिंग, हा कार्डांचा खेळ) खेळता येतं, अरेनावर म्हणजे त्याच्या ऑनलाइन आवृत्तीवर हात बसलाय आणि आता दुकानातल्या शुक्रवारच्या स्पर्धेत समोर खरा माणूस बसवून खेळायचंय, अशा मंडळींसाठी हे लिहितोय. प्रश्न एकच असतो : अलीकडच्या संचांतल्या कार्डांची स्वतःची डेक (खेळायचा गठ्ठा) घरून बांधून आणून स्टँडर्डला बसायचं, की तीन पॅकचे पैसे भरून ड्राफ्टला, जिथं पॅकमधलं एक कार्ड उचलून बाकीची शेजाऱ्याकडे सरकवत तिथल्या तिथं डेक बांधतात? मी दोन्हीकडे बऱ्यापैकी बसलोय. मुंबई-पुण्याकडे खेळणाऱ्यांची संख्या लक्षात घेता दोन्ही टेबलं एकाच संध्याकाळी लागतील अशी आशा फार धरू नये, म्हणून आधीच ठरवलेलं बरं.

स्टँडर्डची बाजू आधी मांडतो, कारण माझ्याकडून तिच्यावर अन्याय व्हायची शक्यता जास्त.

आपली डेक ती आपली डेक. तिसऱ्या राउंडला डोकं थकलेलं असतं तेव्हा हात आपोआप चालतात. वाटून आलेला कुठला कार्डांचा हात ठेवायचा, कुठला परत करायचा, याचा विचार करावा लागत नाही. शिवाय साइडबोर्ड, म्हणजे डेकबाहेरची पंधरा राखीव कार्डं. पहिला गेम संपल्यावर त्या पंधरा कार्डांतून काय आत घ्यायचं आणि त्याहून अवघड म्हणजे काय बाहेर काढायचं, यात निम्मं कौशल्य आहे, आणि ड्राफ्टमध्ये ते जवळपास नसतंच. तिथला साइडबोर्ड म्हणजे उरलेला माल. वेळेचंही आहे. स्टँडर्डला तुम्ही येता, बसता, खेळायला लागता. पन्नास मिनिटांचे तीन राउंड झाले की मोकळे. ड्राफ्टमध्ये पॅक फोडून, कार्डं निवडून, डेक बांधून पहिला पत्ता टाकेपर्यंत तासभर सहज जातो. दुकानाशेजारी राहणाऱ्याला याचं काही वाटणार नाही, पण बदलापूरला परतायचं असेल तर तिसऱ्या राउंडला एक डोळा घड्याळावरच राहतो.

खर्चाबद्दल सगळे सांगतात की ड्राफ्ट महाग, कारण दर वेळी नवे पॅक. स्टँडर्डची डेक एकदा घेतली की झालं. कागदावर हे खरं आहे. २०२३ मध्ये स्टँडर्डचं रोटेशन (जुने संच बाद होण्याचं चक्र) दोनाऐवजी तीन वर्षांचं झालं, तेव्हा मलाही हिशेब पटला होता. पण संच येण्याचा वेगही वाढला : २०२५ मध्ये स्टँडर्डला चालणारे सहा संच आले, त्यातले तीन फायनल फँटसी, स्पायडर-मॅन आणि अवतार यांचे. शिवाय त्याच वर्षी ३० जूनला एका फटक्यात सात कार्डांवर बंदी आली. 'मॉन्स्ट्रस रेज' आणि 'कोरी-स्टील कटर' त्यातच गेली, आणि लाल डेकवाल्यांना नव्याने मांडणी करावी लागली. बंदी योग्यच होती असं माझं मत आहे, त्या डेकसमोर चौथ्या टर्नला मरून कंटाळा आला होता. तरी 'एकदा घेतली की झालं' हे वाक्य तेवढं जपून वापरावं.

असो. पैशानं माझा निर्णय झाला नाही. तो झाला चौथ्या कार्डामुळे.

कन्स्ट्रक्टेड, म्हणजे आधी बांधलेल्या डेकनं, खेळणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. यादीत लिहिलेलं असतं : अमुक कार्ड, चार प्रती. तुमच्याकडे तीन असतात. चौथं कुणाकडेच नसतं. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'आहे का कोणाकडे?' टाकायचं, दोघं अंगठा दाखवतात, एक जण 'मलाही हवंय' लिहितो. एकाकडे असतं, पण तो विकत नाही, बदल्यात मागतो, आणि मागतो नेमकं तुमच्या डेकमधलंच. ज्या देशात कोपऱ्यावरच्या दुकानात सुटी कार्डं खणाखणांत लावलेली असतात तिथल्या खेळाडूला यातलं काही कळणार नाही. इथं सिंगल्स म्हणजे कुणाच्या तरी खोक्यातून निघतील तेव्हा. बाहेरून मागवावं तर एका कार्डासाठी कुरिअर परवडत नाही, म्हणून चौघांची ऑर्डर एकत्र करायची, त्यासाठी चौघांचं एकमत व्हायची वाट पाहायची, मग कस्टम्सची. घरच्या खेळात प्रिंट मारून स्लीव्हमध्ये सरकवली तर कुणी विचारत नाही. अधिकृत स्पर्धेत प्रॉक्सी चालत नाही, आणि दुकानदाराला त्यासाठी गळ घालणंही बरं दिसत नाही.

मग त्या चौथ्या जागी काहीतरी 'जवळपास तसंच' कार्ड घालायचं. आणि माझा अनुभव असा, की नेमक्या वेळी हातात येतं ते तेच. गणित म्हणेल साठांतल्या एका कार्डानं काय होतंय. गणित बरोबर असेल. पण हरल्यावर मी माझ्या खेळाचा विचार करत नव्हतो, त्या न मिळालेल्या कार्डाचा करत होतो, आणि शुक्रवारची संध्याकाळ तशी घालवणं मला नकोसं झालं.

ड्राफ्टमध्ये चौथं कार्ड हा प्रकारच नाही. सगळ्यांच्या पुढ्यात तेच तीन बंद पॅक. तुम्ही नोकरी करता की कॉलेजात आहात, तुमचा मामा अमेरिकेहून बॅगेतून काही आणतो की नाही, याला त्या टेबलावर किंमत नाही. तीन पॅकमधून जेमतेम चाळीस कार्डं हातात येतात, त्यातली तेवीसेक खेळायची, सतरा लँड (बाकीची कार्डं खेळायला लागणारी जमिनीची कार्डं), चाळीसची डेक तयार.

आणि खेळ तर पहिल्या पॅकलाच सुरू झालेला असतो. रमीत समोरचा काय टाकतोय यावरून त्याच्या हातात काय आहे हे ताडतात, तसंच इथं : शेजाऱ्यानं पुढे काय सरकवलं यावरून तो कुठल्या रंगाची कार्डं घेत नाही हे ओळखायचं. पाचव्या-सहाव्या पिकला (निवडीला) चांगलं काळं कार्ड अजून शिल्लक दिसलं, तर उजव्या हाताचा तुमच्यासाठी दार उघडं ठेवून बसलाय. आठ जण असतील तर नवव्या पिकला तुम्ही फोडलेला पहिला पॅक फिरून परत येतो, चौदातली सहा कार्डं उरलेला. काय गेलं, काय राहिलं, हे त्या सहांत वाचता येतं. मला त्या वेळी जी मजा येते ती नंतरच्या तीन राउंडमध्ये येईलच असं नाही. दुसरा पॅक उलट्या दिशेनं फिरतो, त्यामुळे पहिल्यात तुम्ही ज्याला उपाशी ठेवलं तोच आता तुम्हाला वाढणार असतो, हे ध्यानात ठेवा.

खोटही आहे. ज्यानं तोच संच अरेनावर रोज रात्री ड्राफ्ट केलाय त्याचं पारडं जड असतं, त्याला कार्ड वाचावंही लागत नाही. नवखा मात्र बारीक अक्षरांत अडकतो आणि त्याच्यामागे पॅकची रांग लागते. त्यामुळे जायच्या आधी निदान कॉमन (पॅकमध्ये सर्रास मिळणारी) कार्डं एकदा नजरेखालून घाला. ड्राफ्ट कॉमनांवरच जिंकला जातो. दुसरं, कुणीतरी महाग रेअर (दुर्मिळ कार्ड) दिसली की खेळायची नसली तरी उचलतोच. काही ठिकाणी शेवटी रेअर एकत्र करून क्रमांकाप्रमाणे पुन्हा निवडायला देतात. तसं आहे का, हे पैसे भरण्याआधी विचारून घ्या. आणि घरी कॉमनांचे ढीग साचतात, त्यावर माझ्याकडे उपाय नाही. भाच्याला दिले तर वहिनी रागावते.

कुणी म्हणेल, मग पॉपर खेळ, नुसत्या कॉमन कार्डांचा, स्वस्त. स्वस्त आहेच. पण चार हवीत ती तिथंही चारच, आणि जुन्या संचातलं अठ्ठावीस रुपयांचं कॉमन शोधणं कधीकधी रेअरपेक्षा अवघड. मॉडर्न या आणखी एका प्रकाराला रोटेशन नाही, तिथं एकच डेक वर्षानुवर्षं घासून पुसून खेळणारा माझा एक मित्र आहे आणि तो माझ्यापेक्षा चांगला खेळाडू आहे, हे कबूल. ज्याला एकच गोष्ट खोलात जाऊन शिकायची आहे त्यानं कदाचित त्याचं ऐकावं.

अगदी पहिल्यांदाच जात असाल तर संच येण्याच्या आठवडाभर आधीची प्रीरिलीज गाठा. सहा पॅक, सीलबंद, त्यांतूनच डेक बांधायची, पास करायची घाई नाही, आणि कार्डं सगळ्यांनाच नवी असल्यानं वाचत बसलात तरी कुणी घड्याळ दाखवत नाही. त्यानंतरचा शुक्रवार ड्राफ्टचा.

फक्त दुकानात आधी फोन करून किती जण येणार ते विचारा. सहा असले तरी चालतं. पॅक सातव्या पिकलाच परत येतो एवढंच. चौघांवर आलं तर मात्र ड्राफ्टचा जीव जातो, तेच पॅक पुन्हा पुन्हा समोर येतात आणि शेजाऱ्याच्या मनातलं ओळखण्यासारखं काही उरत नाही. त्या शुक्रवारी बॅगेत एखादी साठची डेक असलेली बरी, मग तिच्यात तीनच का असेनात.