बोटीच्या ट्रेलरला स्प्रिंगवाल्या ग्रीस कॅप: दिवाळी ते पोळा वापरल्यावर

ट्रेलरच्या हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या बेअरिंगच्या भागावर बसवायच्या, आत पाणी जाऊ नये म्हणून ग्रीस दाबून धरणाऱ्या स्प्रिंगवाल्या ग्रीस कॅप मी मागच्या दिवाळीत घेतल्या. आता पोळा झाला. थंडी, 42 अंशांचं ऊन आणि पावसाळ्यातला काळ्या मातीचा चिखल हे सगळं त्यांनी बघितलंय, म्हणून आता खात्रीनं लिहू शकतो. कॅप चांगल्या आहेत. पण बेअरिंग खराब होतं ते मागच्या बाजूनं आणि कॅप बसते पुढं, एवढं डोक्यात ठेवूनच त्या घ्या.

आमचं काम मासेमारीचं. फायबरची 18 फुटी बोट, कधी माजलगावच्या धरणावर तर कधी पैठणला नाथसागरात. पिकअपमागं ट्रेलर जोडून माजलगाव, गढी, गेवराई, पाचोड, पैठण असा रस्ता. ट्रेलर जुना घेतलेला. पहिल्याच उन्हाळ्यात पाचोडच्या अलीकडं उजव्या चाकातून घरघर यायला लागली. उतरून हबला हात लावला तर चटका बसला. जॅक लावून टायर वर-खाली धरून हलवलं तर चाक चांगलंच डुगडुगत होतं. हब उघडला तेव्हा आतल्या बेअरिंगचा पिंजरा फाटलेला, रोलर एका बाजूला गोळा झालेले आणि ग्रीस दूध घातलेल्या चहाच्या रंगाचं.

ग्रीसचा असा रंग दिसला की आत पाणी गेलंय हे नक्की. डावा हब तर वरून ठणठणीत होता, तरी उघडून घेतला. त्याच्या कपवर, म्हणजे रोलर ज्यावर फिरतात त्या बाहेरच्या कडीवर, गंजाचे बारीक आडवे पट्टे होते, आणि दोन पट्ट्यांतलं अंतर बरोबर दोन रोलरमधल्या अंतराएवढं. ट्रेलर आठवडेच्या आठवडे उभा राहतो, तेव्हा पाणी रोलर आणि कपच्या फटीत तसंच बसून राहतं आणि तिथंच गंज धरतो. पुढं चाक फिरलं की त्या जागेचे टवके उडतात. आवाज यायला लागतो तोवर बेअरिंग संपलेलं असतं.

आपल्याकडं उसाच्या ट्रॉल्यांमुळं हब खोलणारे मिस्त्री जागोजाग आहेत आणि त्यांचा हातही बसलेला आहे. माझे मिस्त्री म्हणाले, "मामा, ट्रॉलीला हेच ग्रीस दोन-दोन हंगाम चालतंय." म्हटलं, "भाऊ, ट्रॉली पाण्यात कोण बुडवतंय? हा ट्रेलर दर खेपेला बुडतो." फरक तेवढाच, पण सगळं त्यातच आलं. रस्त्यावर पळून हब तापतो, आतली हवा फुगते आणि थोडी बाहेर जाते. तसाच गरम हब पाण्यात घातला की हवा एकदम आकसते आणि मागच्या ऑइल सीलच्या, म्हणजे ग्रीस आत धरणाऱ्या रबरी कडीच्या ओठातून पाणी आत ओढलं जातं. उन्हाळ्यात धरणाचं पाणी मागं सरकतं, तेव्हा वाळलेल्या गाळावरून ट्रेलर मागं घेत नेऊन खोल घालावा लागतो, चाकं पूर्ण बुडतात. वरून तो गाळ सीलच्या ओठाला चिकटून वाळतो आणि पुढच्या खेपेला पॉलिश पेपरसारखा घासत राहतो.

या कॅपमध्ये स्प्रिंगवर बसलेली एक तबकडी असते आणि मधोमध निप्पल, म्हणजे ग्रीस भरायचं तोंड. ग्रीस गननं भरलं की तबकडी बाहेर येते आणि स्प्रिंग आतल्या ग्रीसवर थोडा दाब ठेवते, चौरस इंचाला साधारण 3 पौंड. आत दाब असला की हब थंड होताना पाणी ओढायला फारशी जागा राहत नाही. भरणा तपासायचा तर तबकडीच्या कडेला बोटानं दाबायचं. ती डुलली तर ग्रीस पुरेसं आहे, आणखी मारायचं नाही. जोर लावून भरलं तर मागचं सील ढकललं जातं आणि ते ग्रीस चाकाच्या आतल्या बाजूला पसरतं. मे महिन्यात डाव्या कॅपच्या कडेनं थोडं ग्रीस पाझरलं होतं, ते ऊन वाढल्यामुळं. काळजीचं काही निघालं नाही.

माप मात्र व्हर्नियरनंच घ्या. माझ्या ट्रेलरला बाहेरून एल 44649 आणि आतून एल 68149 बेअरिंग आहेत, त्या हबला 1.98 इंचाची, म्हणजे 50.3 मिलिमीटरची कॅप बसते. आपल्याकडं बनवलेल्या ट्रेलरला बहुतेक 30206 सारखी मिलिमीटरची बेअरिंग असतात आणि हबचं तोंड लेथवाल्यानं त्याच्या हिशेबानं काढलेलं असतं. ढिली कॅप रस्त्यात कुठं पडली ते कळतही नाही. लाकडाचा ठोकळा ठेवून ठोकत घट्ट बसली पाहिजे.

खरा फायदा मला कॅपसोबत केलेल्या कामाचा झाला. सील दोन ओठांचं घेतलं. हब ज्यावर फिरतो त्या स्टब एक्सलवर जुन्या सीलनं खाच पाडली होती, नख फिरवलं की अडकायचं. तिथं लेथवाल्याकडून स्लीव्ह, म्हणजे पातळ नळी चढवून घेतली, कारण त्या खाचेवर नवं सीलही पाणी धरत नाही. कप आणि कोन (रोलर बसलेली आतली कडी) दोन्ही नवे घातले. जुन्या कपवर नवा कोन बसवून पैसे वाचवायला सांगणारे भेटतील, ऐकू नका. ग्रीस पाण्यात टिकणारं, कॅल्शियम सल्फोनेटचं, आणि आधीचं सगळं डिझेलनं धुऊन, वाळवूनच भरलं. दोन जातींची ग्रीस एकत्र आली तर पातळ होऊन वाहू शकतात.

नट आवळताना ट्रॉलीच्या सवयीनं पाना मारू नका. चाक फिरवत नट आवळायचा म्हणजे रोलर जागेवर बसतात, मग सोडायचा, परत हातानंच टेकवायचा आणि नट अडकवून ठेवणारी कॉटर पिन घालायची. अशा निमुळत्या रोलरच्या, म्हणजे टेपर बेअरिंगला किंचित खेळ लागतोच.

पोळ्याच्या आधी दोन्ही हब परत उघडले. उजव्याचं ग्रीस घातलं तसंच, रंगही बदललेला नाही. डाव्याच्या मागच्या बेअरिंगपाशी मात्र किंचित पांढुरकी झाक होती, रोलर स्वच्छ होते. पुढून मारलेलं ताजं ग्रीस मागच्या बेअरिंगपर्यंत पोचतंच असं नाही, त्यामुळं वर्षातून एकदा हब उघडून बेअरिंगमध्ये हातानं ग्रीस भरणं (पॅकिंग) कॅप बसवूनही सुटत नाही. "आता हब उघडायची गरज नाही" असं विकणारे सांगतात, ते मला पटलेलं नाही.

धरणावर पोचलो की आता पहिलं काम चहा. निदान अर्धा तास, हब हाताला गार लागेपर्यंत ट्रेलर पाण्यात जात नाही. गेवराईला थांबलो की दोन्ही हबना हाताची मागची बाजू लावून बघतो. एक दुसऱ्यापेक्षा जास्त गरम लागला तर पुढं जायचं नाही. बेअरिंग, सील, ग्रीस भरून तयार केलेला एक अख्खा हब प्लास्टिकमध्ये बांधून पिकअपमध्ये असतो. रात्री रस्त्यात बेअरिंग ठोकत बसण्यापेक्षा हब बदलणं फार सोपं पडतं.

कॅपचं स्टेनलेस अजून चकचकीत आहे, स्प्रिंगही ढिली पडलेली नाही. सोबत आलेली रबरी टोपणं मात्र आपल्या उन्हात टिकली नाहीत, एप्रिलमध्येच तडकली. ती नसली की निप्पलवर गाळ बसतो आणि गन लावताना तोच आत जातो. टोपणं वेगळी मिळतात, कॅप मागवतानाच एक जोडी जास्तीची मागवा.