सेट घ्याल हो, पण लावणार कशावर?

नेरुळहून भाचीचा मेसेज आला तेव्हा रात्रीचे पावणेबारा वाजले होते. तिची भुतं बघायची वेळ तीच. 'मामा, सुपरनॅचरल ॲपवरून गेलं. नवव्या सीझनच्या मधोमध! आता अख्खा सेटच घेते. डीव्हीडी घेऊ की ब्लू-रे? अमेरिकेचा की इंग्लंडचा?' मी उलट विचारलं, 'लावणार कशावर?' त्यावर दोन निळ्या टिका उमटल्या आणि बराच वेळ शांतता. तिच्या लॅपटॉपला ड्राइव्ह नाही. टीव्हीखाली सेट-टॉप बॉक्स आणि राउटर. घरातला डीव्हीडी प्लेअर माझ्या बहिणीने दोन दिवाळ्यांपूर्वी भंगारवाल्याला देऊन टाकला.

लोक चित्राची तुलना करतात, किमतीची करतात, डब्यावरच्या फोटोचीसुद्धा करतात. माझं म्हणणं, सुरुवात खालून करा, टीव्हीखालच्या यंत्रापासून. कुठला सेट तुमच्यासाठी, हे निम्म्याहून अधिक तिथेच ठरतं.

या रांगेत मी आधी उभा राहून आलोय. सुपरनॅचरल ही अमेरिकन मालिका म्हणजे दोन भाऊ, १९६७ची काळी इम्पाला गाडी, डिकीत मीठ आणि बंदुका, आणि गावोगावची भुतं. १३ सप्टेंबर २००५ला सुरू झालेला हा प्रवास १९ नोव्हेंबर २०२०ला संपला. पंधरा सीझन, ३२७ भाग. शेवटच्या सीझनचं चित्रीकरण मार्च २०२०मध्ये कोविडने अडवलं, म्हणून शेवटासाठी ताटकळलो. मग डिस्कसाठी आणखी सहा महिने. अमेरिकेत ती २५ मे २०२१ला आली. इकडे दुसऱ्या लाटेचे निर्बंध, तलावपाळीवर चिटपाखरू नाही, आणि आम्ही चार मित्र रोज फोनवर एकाच गोष्टीचा कीस पाडतोय: पंधरावा डबा मागवायचा, की त्याच दिवशी येणारा अख्ख्या मालिकेचा सेट?

कळव्याच्या मित्राने फक्त पंधरावा घेतला. त्याच्याकडे आधीचे चौदा होते, रांग पूर्ण झाली, विषय संपला. कोपरीच्या मित्राकडेही चौदा होते, पण त्याला मोठ्या डब्याचा मोह आवरला नाही. अख्खा सेट घेतला आणि जुने चौदा विकायला काढले. गिऱ्हाईक काही मिळालं नाही. आजही ते त्याच्या माळ्यावर आहेत, गणपतीच्या मखराशेजारी. तेव्हा अर्धीअधिक रांग जमली असेल तर सुटे डबे घेत राहा. हात रिकामे असतील तरच मोठा सेट. आणि तारीख जाहीर झाली की पहिल्याच दिवशी बुकिंग करायची घाई नको, माझ्या अनुभवात सहा-आठ महिन्यांत किंमत खाली येते. पहिल्या दिवशी हातात हवा, ही हौस वेगळी. तिचा हिशोब मांडू नये.

आता ॲप की डिस्क. हा वाद मी लवकर आटपतो. पहिल्यांदा बघत असाल तर ॲपवरच बघा. ३२७ भाग, प्रत्येकी साधारण बेचाळीस मिनिटं, म्हणजे सुमारे २२९ तास. रोज रात्री दोन भाग लावले तरी गणपतीत सुरू केलेली मालिका महाशिवरात्रीच्या आसपास संपेल. आवडेल की नाही हे कळण्याआधी एवढ्या डिस्क घरात आणणं म्हणजे वधू बघायच्या आधी हॉल बुक करण्यासारखं आहे. ॲपची खोट एकच, पण मोठी: तिथलं काहीच तुमचं नसतं. ३१ मार्च २०२३ला एचबीओच्या मालिका हॉटस्टारवरून गेल्या, मग जिओसिनेमावर आल्या, आणि २०२५मध्ये ही दोन्ही ॲप एकत्र होऊन जिओहॉटस्टार झाल्यावर फिरून त्याच घरात पोचल्या. प्रेक्षकाने मधल्या काळात काय करायचं होतं? भाचीसारखं नवव्या सीझनच्या मधोमध बसून राहायचं.

डीव्हीडीचं प्रकरण मात्र खोल आहे, इथे जरा थांबू.

डीव्हीडीवर रिजन कोड असतो, म्हणजे ती जगाच्या कुठल्या भागात चालेल त्याचा आकडा. अमेरिका, कॅनडा १. ब्रिटन, युरोप, जपान २. ऑस्ट्रेलिया ४. भारत ५. आपल्याकडचा साधा प्लेअर ५ आणि 'सर्व रिजन' एवढंच ओळखतो. अमेरिकेहून मावसभावाने हौसेने आणलेला सेट ट्रेमध्ये घातला की पडद्यावर 'चुकीचा रिजन' एवढीच ओळ. सुदैवाने कित्येक डीव्हीडी प्लेअर रिमोटवरून एक कोड दाबून सगळ्या रिजनला खुले करता येतात. ठाण्याहून लोकलने दादर, तिथून पश्चिम रेल्वेने ग्रँट रोड, आणि लॅमिंग्टन रोडवर प्लेअर विकणाऱ्याला आधीच सांगायचं, 'मल्टिरिजन करून द्या.' दुकानातच अमेरिकन डिस्क लावून बघायची, घरी येऊन नव्हे. माझा प्लेअर असाच आणलेला आहे.

लॅपटॉपला यूएसबी ड्राइव्ह जोडणार असाल तर सावध. त्या ड्राइव्हचा रिजन पाचदाच बदलता येतो. पाचव्या वेळी जो ठेवाल तो कायमचा. माझ्या एका सहकाऱ्याने कुतूहलापोटी चार बदल एका संध्याकाळी उडवले होते.

मग अमेरिकेची की इंग्लंडची? कागदावर इंग्लंडची सरस दिसते. अमेरिकन डीव्हीडी तिथल्या टीव्हीच्या एनटीएससी पद्धतीची, म्हणजे ४८० ओळींची. इंग्लंडची पाल, ५७६ ओळींची. ओळी जास्त म्हणजे चित्र जास्त रेखीव, हे खरं. पण मेख वेगात आहे. मालिका सेकंदाला चोवीस चौकटींनी चित्रित होते आणि पाल डिस्क ती पंचवीसने पळवते. चार टक्के वेगाने. बेचाळीस मिनिटांचा भाग चाळीस मिनिटं आणि काही सेकंदात संपतो, आणि आवाजाची पट्टी किंचित चढते. बहुतेकांच्या कानाला ते कळणारही नाही. पण ज्याने मालिकेतल्या कॅस्टिएल या देवदूताचा तो खरबरीत, घशातून खरवडून काढलेला आवाज चौथ्या सीझनपासून ऐकलाय, त्याला तो पट्टी चढलेला आवाज खटकतोच. मला खटकतो. म्हणून डीव्हीडीत मी अमेरिकेच्या बाजूने. आत्ताचे टीव्ही दोन्ही पद्धती मुकाट दाखवतात, ती जुनी काळजी राहिलेली नाही.

आणि अंधार. भुताच्या मालिकेत निम्मं काम अंधार करतो. डीव्हीडीची दोन थरांची डिस्क साडेआठ जीबीची, त्यात चार भाग कोंबलेले. पहिल्या सीझनचे बावीस भाग सहा डिस्कवर आहेत. जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवर ते छान दिसायचं. आज ४३ इंची पडद्यावर तळघराच्या भिंतीवर राखाडी चौकोन रांगताना दिसतात, आणि भुताऐवजी तेच भीती घालतात.

इथे ब्लू-रे सरळ जिंकते. १०८० ओळी, मूळ चोवीसचा वेग, काळा रंग काळाच. ॲपवरचं चित्रही स्वच्छ असतं, पण नेट मंदावलं की पहिला बळी अंधाराचाच जातो. ब्लू-रेचे रिजन वेगळे: अमेरिका ए, युरोप-ऑस्ट्रेलिया बी, भारत सी. ही मालिका काढणाऱ्या वॉर्नर कंपनीच्या बऱ्याच ब्लू-रेंना रिजनचं कुलूप नसतं, तरी विकत घेण्याआधी डब्याच्या मागच्या बाजूचं चिन्ह बघा. ब्लू-रेचं कुलूप डीव्हीडीसारखं रिमोटने सहज उघडत नाही. खरी अडचण यंत्राची आहे. प्लेअर बनवणारेच कमी होत चाललेत, एलजीने तर २०२४च्या शेवटी त्यातून अंग काढून घेतलं. आज प्लेअर घेणार असाल तर तो दहा वर्षं पुरवायचा आहे असं धरून घ्या. ज्यांच्या घरी डिस्कचं तोंड असलेला प्लेस्टेशन ४ किंवा ५ आहे, त्यांना हे सगळं लागूच नाही. ब्लू-रे प्लेअर तुमच्या घरी आधीच आहे, मुलगा त्यावर फुटबॉल खेळतोय एवढंच.

पण 'ब्लू-रे किंवा एचडी म्हणजे चांगलं' हा नियम करू नका. बफी द व्हॅम्पायर स्लेयर घ्या. १९९७ ते २००३, १४४ भाग, मूळ चौकोनी पडद्यासाठी बांधलेली. २०१४मध्ये तिची एचडी आवृत्ती अमेरिकेत दाखवायला सुरुवात झाली, तर चित्र आडवं करताना कडेला चित्रीकरणातली माणसं दिसायला लागली, आणि दिवसा चित्रित करून रात्र भासवलेल्या प्रसंगांवरची रंगछटा गायब. व्हॅम्पायर लख्ख उजेडात हिंडतोय! तिथे जुनी चौकोनी डीव्हीडीच खरी.

डीव्हीडीलाही सरसकट मान देऊ नका. रॉसवेल या मालिकेच्या डीव्हीडीवर हक्कांच्या भानगडीत प्रसारणातली कितीतरी गाणी बदललेली आहेत. प्रसंग तोच, पण मागचं गाणं भलतंच. सुपरनॅचरलसारख्या जुन्या रॉकवर चालणाऱ्या मालिकेत ही तपासणी आधी करावी. सेटची परीक्षणं वाचताना चित्राच्या आधी 'संगीत मूळचं आहे का' एवढं शोधा.

डिस्कच्या बाजूने माझं सर्वात मोठं कारण मात्र चित्र-आवाज नाहीच. फजितीची रीळ, कापलेले प्रसंग, आणि निर्मात्यांची कॉमेंट्री. सुपरनॅचरलच्या पहिल्या भागावर मालिकेचा जनक एरिक क्रिपके आणि दिग्दर्शक डेव्हिड नटर बोलत बसलेत, ते ऐकताना एखाद्या दाराचा करकर आवाज कुठून आणला यावर तुम्हीही हुज्जत घालू लागता. ॲपवर हे सगळं सहसा नसतं.

घरात जागा किती, हेही बघा. भाचीचे बाबा म्हणाले, 'पुस्तकं ठेवायला कपाट नाही आणि भुतांना कुठे ठेवू?' त्यांना मी डार्क शॅडोजच्या सेटबद्दल सांगितलं. १९६६ ते १९७१ चाललेली व्हॅम्पायरची मालिका, १,२२५ भाग, २०१२मध्ये १३१ डिस्कचा सेट आला, तोही शवपेटीच्या आकारात. त्यापुढे आपला पंधरा सीझनचा डबा अगदीच संसारी वाटतो. पावसाळ्याची काळजी मात्र खरी. आमच्याकडे खाडीची हवा, नेरुळलाही तीच, जूनपासून पुठ्ठ्याचे डबे फुगतात आणि डिस्कवर बुरशीचे ठिपके धरतात. सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, आणि कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नका.

परदेशातून मागवताना कस्टम ड्युटी आणि कुरिअरचं शुल्क किमतीत आधीच धरा, दारात कळलं की आनंद निम्मा होतो. माझ्या पंधराव्या डब्यात दोन डिस्क खुंटीवरून सुटून आतल्या आत घासत आल्या होत्या. विक्रेत्याने फोटो मागितले, मग आणखी फोटो मागितले, मग उत्तर देणं बंद केलं. तेव्हापासून पार्सल उघडतानाच व्हिडिओ काढतो. भारतात अधिकृत आवृत्ती येईल म्हणून थांबायचं? मुंबईत काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊस हे गाण्यांचं-डिस्कचं दुकान २०१६ला बंद झालं तेव्हाच मी ती आशा सोडली. दुकानात जाऊन, डबा उलटून मागची बारीक अक्षरं वाचून घेण्याचे दिवस गेले. नेटफ्लिक्सनेसुद्धा अमेरिकेत पोस्टाने डीव्हीडी पाठवणं २९ सप्टेंबर २०२३ला थांबवलं.

भाचीला शेवटी मी काय सांगितलं? अख्खा सेट घेऊ नकोस. क्रिपकेच्या मनातली गोष्ट पाच सीझनची होती आणि तो स्वतः पाचव्यापर्यंतच सुकाणूवर होता. ते पाच घे. तिसरा सीझन लेखकांच्या संपामुळे सोळा भागांचा, बाकी चार बावीस-बावीसचे, एकूण १०४ भाग. पुन्हा पुन्हा बघितले जातात ते हेच. पुढचे दहा सीझन ॲपवर येतील तेव्हा बघ, जातील तेव्हा जाऊ दे. प्लेस्टेशन घरात येणार असेल तर ब्लू-रे, नाहीतर अमेरिकन डीव्हीडी आणि लॅमिंग्टन रोडचा प्लेअर.

यावर तिचं म्हणणं, सहावा ते पंधरावा वगळायला सांगणारा माणूस खरा चाहता नाही. असेल. कळव्याचा मित्रही मला हेच सुनावतो. तरी तिने सध्या पहिलाच सीझन मागवलाय, डीव्हीडीवर, वापरलेला, आणि शनिवारी तो घेऊन ठाण्याला येतेय. माझ्या प्लेअरचा ट्रे हल्ली अडकतो, वरून हलकी थाप मारावी लागते. मामी म्हणते, थाप मारायच्या आधी एकदा दरवाजा उघडा आहे का बघ, पहिल्या भागात ती बाई पांढऱ्या साडीसारख्या गाऊनमध्ये येते तेव्हा मी स्वयंपाकघरात असणार आहे.