रोजची गोळी की महिन्याचं इंजेक्शन?

कोकणातल्या घरात स्किझोफ्रेनियाचं निदान झालं की पहिला वाद 'बाहेरचं' आहे की आजार, यावर होतो. तो मिटलेला आहे असं धरतो. दुसरा प्रश्न औषधाच्या रूपाचा.

इंजेक्शन म्हणजे जास्त जालीम औषध, हा समज आधी सोडा. रिस्पेरिडोनची गोळी घेतली की शरीरात त्याचं जे बनतं, तेच पॅलिपेरिडोन महिन्याच्या इंजेक्शनात असतं. कानात येणारे आवाज, जेवणात कुणी काही घालतंय हा संशय, यांवर दोन्ही चालतात. झोप आणि चिडचिड काही दिवसांत सुधारते, आवाज ओसरायला आठवडे लागतात. कधी ते पुरते जात नाहीत, पण त्यांचा धाक उरत नाही. पडवीत तासन्‌तास गप्प बसणं, आंघोळीचा कंटाळा, यांवर मात्र दोन्हींचा उपयोग बेताचाच. इंजेक्शन दिलं की पोरगा कामाला लागेल, या आशेने ते निवडू नका.

खरा फरक औषध चुकण्यात आहे. रुग्ण बोटीवर खलाशी असेल, किंवा भावंडं मुंबईला आणि घरी एकटी म्हातारी आई, तर मी इंजेक्शनच म्हणेन. ते चुकलं तर त्या तारखेलाच कळतं. गोळी गुपचूप परसात टाकली जाते, आणि कळतं ते आजार उलटल्यावर.

पण अंग आखडलं, एका जागी बसवेना, तर गोळीचा डोस डॉक्टरांना लगेच कमी करता येतो. टोचलेलं औषध आठवडे अंगात राहतं. म्हणून ते गोळीतून सोसतं का, हे आधी पाहतात. पैशाचं म्हणाल तर पॅलिपेरिडोन महाग. जुनं फ्लुफेनाझिनचं इंजेक्शन स्वस्त, पण त्याने आखडणं जास्त.

ओलान्झापिनच्या गोळीने वजन आणि साखर वाढते. शिवाय बिडीच्या धुराने ते रक्तात कमी पडतं (मिश्रीने नाही), त्यामुळे बिडी सुरू केली वा सोडली तर डॉक्टरांना सांगा.

दोन औषधं पुऱ्या डोसात प्रत्येकी सहा आठवडे देऊनही आवाज तसेच राहिले, तर ही निवडच मागे पडते. मग क्लोझापिन. ते रोज गोळीनेच घ्यायचं, आणि पहिले 18 आठवडे दर आठवड्याला पांढऱ्या पेशींची तपासणी. त्याआधी जवळची लॅब आणि एसटीची वेळ बघून ठेवा. रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. फोनवर विचारायचं तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक 14416.