एकच आवडता साय-फाय निवडायचा तर? माझा पंधरा दिवसांचा घोळ

आमचं दरवर्षीचं ठरलेलं आहे, थंडी पडली की नाशिकला इंदिरानगरच्या मित्राच्या गच्चीवर पांढरी चादर टांगायची, प्रोजेक्टर भाड्याने आणायचा, सतरंजी टाकायची आणि दोन-दोन स्वेटर घालून सिनेमा बघायचा. यंदा एकाने नियम काढला की प्रत्येकाने आपला आवडता साय-फाय, म्हणजे विज्ञानकथेचा सिनेमा, एकच सांगायचा, टॉप टेन बिप टेन चालणार नाही, आणि तोच सगळ्यांना दाखवायचा. ज्याला आवडणार नाही त्याची दुसऱ्या दिवशीची मिसळ दाखवणाऱ्याकडून. ऐकायला सोपं वाटतं, पण करून बघा भो, माझी पंधरा दिवस झोप उडाली होती.

आधी बाद झालेले पटकन सांगतो. 'ब्लेड रनर' (१९८२) दिसायला आजही जबरदस्त आहे पण त्याच्या इतक्या आवृत्त्या आहेत की कुठली दाखवायची इथूनच वाद, बघायचाच असेल तर २००७ ची 'फायनल कट' बघा, तिच्यात ती कंटाळवाणी निवेदनाची बडबड नाहीये. 'ज्युरासिक पार्क' (१९९३) मी लहानपणी हिंदीत टॉकीजला बघितला, ग्लासातलं पाणी थरथरतं तेव्हा शेजारच्या अनोळखी काकांचा हात धरला होता. नंतर कळलं की ते पाणी गाडीच्या डॅशबोर्डखाली गिटारची तार ताणून थरथरवलं होतं, आणि दोन तासांच्या त्या सिनेमात डायनासोर जेमतेम पंधरा मिनिटं दिसतात. त्याच्यावर जीव आहे माझा, पण तो लहानपणाचा, त्याला स्पर्धेत उतरवणं म्हणजे आईच्या हातच्या वरणभाताला मार्क देण्यासारखं झालं.

उरले तीन. 'टू थाऊजंड वन: अ स्पेस ओडिसी' (१९६८), 'इंटरस्टेलर' (२०१४) आणि 'अरायव्हल' (२०१६).

पहिला मी काकांसोबत बघितला. काका ओझरच्या एचएएलमधून, म्हणजे विमानांच्या सरकारी कारखान्यातून, रिटायर झालेले, आयुष्य मशीन शॉपमध्ये गेलं, आणि सिनेमातल्या कॉम्प्युटरचं नाव काय तर हॅल, स्पेलिंग तेच एच ए एल! सुरुवातीला माकडं, ती हाडं, पहिला संवाद यायला पंचवीसेक मिनिटं लागतात, तोवर काका घोरत होते. जाग आली ती नेमकी त्या सीनला जिथे अंतराळवीर यानातल्या गोल चाकात पळत व्यायाम करतो, म्हणजे पळत पळत भिंतीवरून छतावर जाऊन परत खाली येतो असं वाटतं. काका उठून बसले, "हे खरं बनवलंय, हे फोटोचं काम नाही." मी मोबाईलवर शोधलं तर खरंच, साधारण ३८ फूट व्यासाचं, ३० टनांचं फिरणारं चाक बांधून घेतलं होतं, ते पण इंग्लंडच्या व्हिकर्सकडून, जे विमानं बनवायचे. काका एवढे खूश की जसं काही त्यांनीच लेथवर कातलं. पुढे हॅल बोलतो की मी १२ जानेवारी १९९२ ला एचएएल प्लांटमध्ये सुरू झालो, तेव्हा तर विचारूच नका, "ब्याण्णवला मी ड्युटीवर होतो, आमच्याकडे नाही बनला हा." आणि तो हॅल माणसं मारायला लागल्यावर काकांचं मत एकच, आधी मेन स्विच बंद करायचा, चर्चा नंतर.

हा सिनेमा माणूस चंद्रावर उतरायच्या एक वर्ष आधीचा आहे हे लक्षात ठेवून बघितलं की थक्क व्हायला होतं. अंतराळात आवाज नाही म्हणजे नाही, फक्त श्वास ऐकू येतो. पण शेवटची वीस-पंचवीस मिनिटं कळतात असं जो म्हणतो त्याच्यावर माझा विश्वास नाही. या सिनेमाबद्दल आदर प्रचंड आहे, पण ऑफिसवरून सातपूरच्या ट्रॅफिकमधून तासभर कुढत आलोय आणि आता हाच लावू या, असं मला आजवर एकदाही वाटलेलं नाही. आवडता ठरवताना मला हेच महत्त्वाचं वाटायला लागलं, भारी कुठला हे नाही, हात आपोआप कुठे जातो हे.

'इंटरस्टेलर'कडे जातो. आणि त्याचं कारण ब्लॅक होल नाही, भेंडी आहे. सिनेमात पृथ्वीवरची पिकं एकेक करून रोगाने चालली आहेत, शेजारी भेंडीचं शेवटचं पीक जाळतोय, उरलाय फक्त मका, आणि वर धुळीची वादळं. आमच्या मामांची निफाडकडे द्राक्षबाग आहे, डाऊनी, म्हणजे द्राक्षावरचा बुरशीचा रोग, आला की घरात चार दिवस कोणी मोठ्याने बोलत नाही, त्यामुळे ते जेवणाच्या टेबलावर ताटं पालथी घालून ठेवलेलं घर मला कुठल्याही यानापेक्षा जास्त खरं वाटतं. दिग्दर्शक नोलनने तर शूटिंगसाठी कॅनडात ५०० एकर मका खरोखर लावला आणि काम झाल्यावर विकून वर नफा कमावला, हे मामांना सांगितलं तर म्हणाले, मग हा माणूस हुशार आहे, सिनेमा कशाला काढतो.

विज्ञान पण वरवरचं नाही. किप थॉर्न हे भौतिकशास्त्रज्ञ सिनेमाचे सल्लागार होते, २०१७ ला त्यांना गुरुत्वीय लहरींसाठी नोबेल मिळालं, आणि ते ब्लॅक होल त्यांच्या समीकरणांवरून काढलंय, काही काही फ्रेमला कॉम्प्युटरने शंभर-शंभर तास घेतले. माणसांसाठी नवं घर शोधायला निघालेलं यान एका पाण्याच्या ग्रहावर उतरतं, तिथला एक तास म्हणजे इकडे सात वर्षं, तिथून परत आल्यावर यानातला बाप घरी राहिलेल्या पोरांचे तेवीस वर्षांचे साठलेले मेसेज बघत बसतो, तिथे मी दर वेळी चष्मा पुसतो. मग अडचण काय? एक म्हणजे १६९ मिनिटं, गच्चीवर डिसेंबरात हे म्हणजे न्यूमोनियाला आमंत्रण. दुसरी, ऑर्गनचं म्युझिक इतकं अंगावर येतं की खाली लोक काय बोलतायत ते ऐकू येत नाही, छोट्या स्पीकरवर तर रिमोट हातातून सोडताच येत नाही, कमी कर, वाढव, शेजारी उठले, कमी कर. आणि शेवटी ते प्रेम वगैरे सगळ्या मिती ओलांडतं असं जे बोलून दाखवलंय ते मला नको होतं, मेसेजच्या सीनमध्ये न बोलता कळलं होतं की.

'अरायव्हल' तिघांत छोटा, ११६ मिनिटं. परग्रहवासीयांची यानं येतात बारा, पण मारामारी जवळपास नाहीच, एक भाषाशास्त्रज्ञ बाई त्यांची भाषा शिकत बसते. एक सीन आहे, लष्करवाले म्हणतात सरळ विचारा ना तुम्ही इथे कशाला आलात, तर ती फळ्यावर वाक्य लिहून एकेक शब्द सोडवून दाखवते, आधी त्यांना प्रश्न म्हणजे काय हे कळायला हवं, मग 'यू' म्हणजे समोरचा एकटा की सगळेच. आपण मराठीवाले इथे हसतो, आपल्याकडे 'तू', 'तुम्ही', 'आपण' आहे, गोंधळ अर्धा कमी झाला असता. पण लगेच वाढलाही असता, कारण आपला 'परवा' मागचाही आणि पुढचाही, आणि आपल्याला त्यात काही खटकत नाही, वाक्याच्या शेवटी कळतं गेलो होतो की जाणार आहे. हा सिनेमा नेमका त्याच जागी जाऊन बसलाय, भाषा बदलली तर काळ वेगळा दिसेल का. पुढचं सांगत नाही, सांगितलं की मजा गेली. फक्त एवढंच की दुसऱ्यांदा बघताना पहिली पाच मिनिटं पूर्ण वेगळी लागतात, आणि बाकी दोघांत मला हे झालं नाही. कमी काय, तर तो चिनी जनरलचा फोनवाला भाग घाईत उरकलाय, आणि रंग सगळा राखाडी, चादरीवर निम्मं दिसत नाही.

तर तुम्हाला निवडायचं असेल तर: मोठा पडदा आणि धीर असेल तर पहिला, घरचे सगळे बसणार असतील आणि रडायला हरकत नसेल तर 'इंटरस्टेलर', दोघं-तिघं असाल आणि नंतर बोलत बसायची सवय असेल तर 'अरायव्हल'. माझा 'अरायव्हल'. पहिल्यांदा बघितला त्या रात्री बायको आणि मी गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीच्या घाटावर, जाऊन दीड वाजेपर्यंत भांडत होतो की त्या बाईने केलं ते बरोबर की चूक, आणि ते भांडण अजून मिटलेलं नाही.

गच्चीवर दोघांना आवडला, एक झोपला आणि झोपलेल्याला आवडला नाही असं धरायचं ठरलं, म्हणजे एक प्लेट मिसळ माझ्याकडून, एक्स्ट्रा पाव त्याने स्वतःच्या पैशाने घेतले. पुढची पाळी त्याचीच आहे आणि त्याने 'प्रायमर' आणलाय, सात हजार डॉलरमध्ये बनवलेला, टाइम ट्रॅव्हलचा, जो मला दोनदा बघून कळलेला नाही. मी उशी घेऊन जाणार आहे.